बढती मागायला आलेल्याला सरळ उत्तर देणाऱ्या साहेबांना

मा. साहेब,
सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बढतीचं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात: "बघू", नाहीतर "वरून मंजुरी येऊ दे". तारीख कशातच नसते. होतकरू माणूस वर्षभर जादा काम ओढतो, एप्रिलमध्ये हाती नेहमीचंच पत्र पडतं आणि मग तो शेजारच्या प्लॉटवरच्या कारखान्यात अर्ज टाकतो. तुम्ही आधी जागा आहे की नाही ते सांगत होता. नसेल तर "यंदा नाही" असं तोंडावर. पहिले आभार त्या नकाराचे, कारण त्याच्यासोबत काय कमी पडतंय ते लिहून मिळायचं.

खरी अडचण तुम्ही अचूक ओळखली होती. चांगल्या सेटरला, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याला, वर न्यायला साहेब लोक कचरतात, कारण त्याचं मशीन मग चालवणार कोण? टूल क्रिबशेजारी (हत्यारांच्या खोलीशेजारी) स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता असतो; त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचं वर्तुळ असतं. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. बहुतेक ठिकाणी हा तक्ता ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवतात. तुमची अट मात्र साधी होती: तुझ्या मशीनवर दुसऱ्या कुणाचे तीन भाग भरले की बोलायला ये.

वेळेचंही तेच. बढतीची मागणी एप्रिलमध्ये केली तर वर्ष गेलंच, कारण पुढच्या वर्षाचं मनुष्यबळाचं बजेट त्याआधीच वर गेलेलं असतं. म्हणून तुम्ही दिवाळीनंतर लगेच विचारायला लावत होता.

तीन महिन्यांचा हंगामी चार्ज देतानाही कागद व्हायचा: रिजेक्शनवर (बाद मालावर) सही कोणाची, ब्रेकडाउनला मेंटेनन्सला कोण बोलावणार, ओव्हरटाइम कोण मंजूर करणार. हे न ठरवता चार्ज दिला की कालचे सोबती ऐकत नाहीत आणि चूक झाली की खापर मात्र नव्या माणसावर. अटी आधी लिहून घेणं बडोद्याला नवं नाही म्हणा. 1913 मध्ये सयाजीरावांनी आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं तेव्हाही संस्थानात 10 वर्षं नोकरी करण्याचा करार झाला होता.

ओव्हरटाइमच्या हिशोबाचे आभार वेगळे. स्टाफ ग्रेड, म्हणजे कामगारांच्या वरची श्रेणी, मिळाली की ओव्हरटाइम बंद, हे पत्रात कोणी ठळक लिहीत नाही. 20,800 रुपये पगार, 26 दिवस, रोज 8 तास म्हणजे तासाला 100. दुप्पट दराने महिन्याला 30 तासांचे 6,000. त्याच्या बदल्यात पगारवाढ 4,000 ची असेल तर घरी 2,000 कमी येणार. हे गणित तुम्ही सहीच्या आधी मांडून दाखवत होता आणि कागद घरी दाखवून यायला दोन दिवस देत होता. काहींनी त्यावरून बढती पुढे ढकलली. तुम्ही त्यांच्यावर डूख धरला नाहीत, पुढच्या वर्षी त्यांचं नाव पुन्हा पाठवलंत.

आपले नम्र,
दुसऱ्या पाळीचे सेटर आणि शिफ्ट इनचार्ज
मकरपुरा, बडोदे