श्रेयांक फोटोंवर देऊ नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, म्हणजे सीईपी आला आणि गावात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी धरले जाणारे क्रेडिट मिळू लागले. मी वाणिज्य शिकवते. सहा वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे 'एनएसएस'ची कार्यक्रम अधिकारीही होते, त्यामुळे याचा मला मनापासून आनंद झाला. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या 'एनएसएस'मध्ये दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर असते. पण त्या सेवेचा वर्गातल्या विषयाशी संबंध क्वचितच जोडला गेला.

तो जुळला की काय होते, हे मी एका शिबिरात पाहिले. द्वितीय वर्षाच्या दोन मुली बचत गटाच्या बैठकीला बसल्या होत्या. एका ताईंनी बाहेरून १० हजारांचे कर्ज घेतले होते, दरमहा शेकडा दोनने, दहा हप्त्यांत फेडायचे. त्यांनी वही पुढे केली आणि विचारले, "मुद्दल दर महिन्याला हजारानं कमी होतंय, मग व्याज दोनशेच कसं गं?" मुली गप्प. रात्री शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी आकडेमोड केली. शिल्लक मुद्दलावर व्याज धरले तर ते ११०० रुपये होते. ताई भरणार होत्या २०००. हेच गणित मी वर्गात फळ्यावर तीनदा सोडवले होते आणि यांपैकी एका मुलीने परीक्षेत ते सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी तिनेच ते सगळ्या बायकांना समजावून सांगितले, तेही 'रिड्युसिंग बॅलन्स' हा शब्द न वापरता.

आता अनेक ठिकाणी सीईपी म्हणजे हातात झाडू, मागे बॅनर, जिओटॅग केलेले चार फोटो आणि एकमेकांचे उतरवलेले अहवाल. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. एका शिक्षकाकडे शंभर-सव्वाशे मुले सोपवली, तर तो तरी फोटोंशिवाय काय तपासणार?

विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे. प्रकल्प विषयाशी जोडलेला असावा. रसायनशास्त्राच्या मुलांनी विहिरीचे पाणी तपासावे, मराठीच्या मुलांनी ओव्या टिपून घ्याव्यात. रोजनिशी आणि तोंडी परीक्षेला निम्मे तरी गुण असावेत. वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक द्यावा आणि हे तास त्याच्या कार्यभारात धरावेत. पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी एवढे झाले, तर आत्ताच्या तुकडीलाही त्याचा लाभ मिळेल.

आपली,
एक वाणिज्य प्राध्यापिका, जि. सोलापूर