गणेशोत्सवात विज्ञानाची पण व्याख्यानं ठेवा ना

संपादक साहेब, नमस्कार. आपल्या इंदूरात राजा रामण्णा संशोधन केंद्र आहे, आयआयटी आहे, लेझरवर काम करणारी एवढी मंडळी आहेत, पण रामबाग वस्तीतल्या माणसापर्यंत त्यातलं काय पोचतं? कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले, तो बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड सोडतो, ऑक्सिजन असलेलं रक्त लाल कमी शोषतं आणि इन्फ्रारेड जास्त, त्या फरकावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा येतो, आणि सावळ्या त्वचेवर तो आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हे तर आपल्या लोकांना कळायलाच हवं, जिवाचा प्रश्न आहे.

टीव्हीचंही तसंच. दुकानदार क्वांटम डॉट म्हणून सांगतो आणि आपण मान हलवतो. क्वांटम डॉट म्हणजे अगदी बारीक कण, पदार्थ एकच, पण कण काही नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), लहान असला तर निळा उजेड देतो, मोठा असला तर लाल, याच शोधाला 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. किती सुंदर गोष्ट आहे ही!

मंडळांना कळकळीची विनंती, यंदा दहा दिवसांतली एक संध्याकाळ तरी या विषयांना द्या, वक्ते गावातच आहेत. मराठीत बोलायला सांगा, आणि प्रश्नांसाठी भरपूर वेळ ठेवा.

– एक वाचक, इंदूर