परदेशातली गाडी ‘सामाना’त येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातली नोकरी आटोपून कायमचे घरी परतणाऱ्यांना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’च्या (मुक्काम कायमचा भारतात हलवणाऱ्यांना घरसामानावर मिळणाऱ्या) सवलतीत स्वतःची गाडीही आणता येते, हा समज अजून पक्का आहे. तो चुकीचा आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २(३) मध्ये ‘बॅगेज’ची, म्हणजे प्रवाशाच्या सामानाची, व्याख्या आहे आणि मोटार वाहने तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. फ्रिज, टीव्ही, भांडीकुंडी सवलतीत बसतील. गाडीसाठी मात्र वेगळी बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टम्सला द्यायचे घोषणापत्र) आणि पूर्ण ड्यूटी भरावी लागते.

त्याआधी गाडी आणता येते का, हे पाहावे. वापरलेल्या गाडीचे स्टेअरिंग उजवीकडेच हवे. दुबई, दोहा, मस्कत किंवा अमेरिकेतली गाडी डाव्या स्टेअरिंगची असते, म्हणजे आखातातून येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न इथेच संपतो. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलियातली गाडी या अटीत बसते. मग वय. गाडी ३ वर्षांहून जुनी नको, आणि ही ३ वर्षे खरेदीपासून नव्हे, तर उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. शोरूममध्ये आठ महिने उभी राहिलेली गाडी घेतली असेल तर ते आठ महिनेही धरले जातात. व्हीआयएन म्हणजे चॅसिस नंबरमधला दहावा वर्ण पाहून निर्धास्त होऊ नका. तो असलाच तर मॉडेल वर्ष सांगतो, महिना नाही. सीटबेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या लेबलवर बहुधा तारीख असते, तिच्यावरून अंदाज घ्या. तारखेचा कागद मात्र गाडी बनवणाऱ्या कंपनीकडूनच लेखी घ्या.

हेडलाइट डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. प्रकाशाची वरची कड डावीकडे चढत गेली तर ठीक, उजवीकडे चढली तर दिवे बदलावे लागतील. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनमधल्या गाड्यांचा मैलांत असतो, म्हणून किलोमीटरचे आकडे दिसतात का, हे निघण्यापूर्वी तपासा. गाडी आयातीनंतर किमान ५ वर्षे रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचे जहाजावर चढवण्यापूर्वीचे तपासणी प्रमाणपत्र लागते. इथे उतरल्यावर पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या वाहन-चाचणी संस्थेची चाचणीही होते. तो कागद हाती येईपर्यंत गाडी सुटत नाही आणि डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहण्याचे भाडे, चढत राहते.

सर्वांत महागात पडणारी चूक बंदराची. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच सोडवता येते. कंटेनरची जहाजे मात्र बहुतांशी न्हावा शेव्याला लागतात आणि परदेशातला बुकिंग एजंट दोन्हींना ‘मुंबई’च म्हणतो. खाडीपलीकडचे ते बंदर कस्टम्सच्या दृष्टीने वेगळे आहे. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल-पावतीवर) उतरण्याचे बंदर काय छापले आहे, हे जहाज सुटण्यापूर्वी स्वतः वाचा. अटी मोडून आलेली गाडी जप्त होऊ शकते. दंड भरून सुटली किंवा परत पाठवावी लागली, तरी सगळा खर्च मालकाच्याच माथी.

आता पैसे. तुम्ही गाडी कितीला घेतली, हा आकडा कस्टम्स सहसा धरत नाही. नवी असतानाच्या किमतीतून पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ आणि तिसऱ्या वर्षी २.५ टक्के घसारा वजा होतो. समजा ३० लाखांची, दोन वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी आहे. २८ टक्के घसारा जाऊन २१.६० लाख राहिले. भाडे आणि विमा मिळून २.४० लाख धरले, तर मूल्य २४ लाख. वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के, एकूण १३७.५ टक्के, म्हणजे ३३ लाख. मूल्य आणि शुल्क मिळून झालेल्या या ५७ लाखांवर मोठ्या गाडीला ४० टक्क्यांनी आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) २२.८० लाख. ड्यूटी झाली ५५.८० लाख. वर आरटीओचा एकरकमी कर आहेच. एवढे देऊन आणण्यासारखी गाडी क्वचितच असते. ती तिथेच विकून या, असे आम्ही विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

तरीही आणायचीच असेल, तर मूळ इनव्हॉइस, तिथली नोंदणी व ती रद्द केल्याचा कागद, विमा, पासपोर्ट आणि बिल ऑफ लेडिंग या सर्वांवर चॅसिस नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का, ते पाहा. ‘बी’ आणि ‘८’ची गफलत नेहमीची आहे. बिल ऑफ एंट्री जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार रुपये आकार लागू शकतो. डिकीत घरसामान भरून पाठवू नका. ते वेगळे जाहीर करावे लागते, आणि नाही केले तर गाडीही त्यासोबत अडकते.

सामान हलवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या माहितीपत्रकात ‘गाडी बॅगेजमध्ये येत नाही’ ही ओळ पहिल्याच पानावर ठळक छापावी. मुंबई कस्टम्सने या अटींचे एक पान मराठीतही काढावे, ही विनंती.

– मुंबई बंदरात काम करणारे दोन कस्टम ब्रोकर