चौदा गाठींच्या दोऱ्याबद्दल, बडवेबाबांना

बडवेबाबा, जोहार.

हे पत्र आशाताई तुम्हाला पावरी बोलीत सांगतील. आम्ही ते मराठीत आणि चारचौघांत लिहितोय, कारण धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या अंगाला तुम्ही बडवेपण, म्हणजे धान्याचे दाणे पाहून आजाराचं कारण सांगणारी भगतगिरी, न सोडता हिवतापावर जे करून दाखवलंत ते शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आरोग्य सेवकांनाही कळायला हवं. तुमचं नाव आणि पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आभार कशाचे, ते आधी सांगतो. तुम्ही दाणे पाहणं सोडलं नाहीत आणि ते सोडा असं आम्हीही कधी म्हटलं नाही. तुम्ही फक्त क्रम बदललात. थंडी वाजून ताप आलेला माणूस दारात आला की आधी बोटातलं रक्त, मग दाणे. हिवताप तपासायच्या किटवरचा निकाल कळायला 15 ते 20 मिनिटं लागतात. तुमचं दाणे पाहणंही साधारण तेवढ्यातच आटोपतं, त्यामुळे कुणाचाच खोळंबा होत नाही.

त्या किटची तुम्ही राखलेली शिस्त आमच्यातल्या काहींनीही शिकावी अशी आहे. पाकीट आधीच फोडून ठेवायचं नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेनं पट्टी खराब होते. बोटाला लावलेलं स्पिरिट वाळल्याशिवाय टोचायचं नाही, नाहीतर थेंब नीट धरत नाही, पसरतो. पहिला थेंब पुसून टाकायचा. रक्त लागतं पाच मायक्रोलिटर, म्हणजे अगदी टिचभर; जास्त घातलं की पट्टी लालेलाल होते आणि रेघ दिसत नाही. किटसोबतचं द्रावण संपलं म्हणून पाणी घालायचं नाही, दुसऱ्या कंपनीचं द्रावणही चालत नाही. 'सी'ची रेघ, म्हणजे किट चालतंय हे दाखवणारी, उमटली नाही तर ती तपासणी बाद, नवीन किट घ्यायचं. आणि तासाभरानं पुन्हा पाहिल्यावर फिकट रेघ दिसली तर ती धरायची नाही.

रक्ताची काच घ्यायची वेळ आली तर ती चुलीच्या धगीवर वाळवू नका, हे मात्र पुन्हा सांगतो. उष्णतेनं रक्त काचेवर पक्कं बसतं, मग रंग देताना त्यातला लाल भाग सुटत नाही आणि दुर्बिणीखाली जंतू ओळखता येत नाहीत. काच सावलीत आडवी ठेवायची, माशा-मुंग्यांपासून झाकून. काच पाड्यावरून प्रयोगशाळेत पोचायला कधीकधी इतके दिवस लागतात की निकाल येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला असतो, नाहीतर हाताबाहेर गेलेला असतो. तो दोष तुमचा नाही, आमच्या बाजूचा आहे. म्हणून तर किट.

आता दोऱ्याचं.

जुनी माणसं एका दिवसाआड येणाऱ्या तापाला एकांतरा म्हणत. नाव अगदी नेमकं आहे. व्हायवॅक्स नावाच्या हिवतापाचे जंतू रक्तपेशीत वाढून साधारण 48 तासांनी पेशी फोडतात, तेव्हा कापरं भरतं. क्लोरोक्विनच्या 10 गोळ्या, मोठ्या माणसाला 4, 4 आणि 2 अशा तीन दिवसांत दिल्या की रक्तातले जंतू मरतात आणि ताप उतरतो. पण काही जंतू काळजात, म्हणजे यकृतात, झोपून राहतात. त्यांच्यावर प्रायमाक्विन लागतं, रोज एक डोस, 14 दिवस. ताप तिसऱ्या दिवशी गेलेला असतो, माणूस शेतात जायला लागलेला असतो, मग उरलेल्या गोळ्या कुडात खोचलेल्या सापडतात. दिवाळीनंतर तोच माणूस ऊसतोडीला गुजरातेत जातो, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास परततो आणि नवा डास चावलेला नसतानाही त्याला पुन्हा ताप भरतो.

खरा घात इथे होतो. त्याच घरात, त्याच माणसाला, बरा झालेला ताप फिरून आला की लोक म्हणतात, कुणीतरी केलं. मग शेजारच्या एकट्या बाईकडे बोट जातं, डाकण हा शब्द निघतो. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला आणि तो हवाच होता. पण अर्धवट सोडलेल्या गोळ्यांमुळे उलटलेला ताप कायद्याला दिसत नाही. तो तुम्हाला दिसला. रोग्याच्या मनगटाला बांधायच्या काळ्या दोऱ्याला तुम्ही चौदा गाठी मारायला लागलात. गोळी गिळल्यावर एक गाठ सोडायची, सगळ्या सुटल्या की दोरा नदीत. आम्ही इतकी वर्षं कार्डावर खुणा करत होतो, त्या कुणी पाहतही नव्हतं. आणि दोन गाठी उरलेल्या असताना ताप परत आला तर 'डाकण नाही, गोळ्या राहिल्या' असं तुमच्या तोंडून पाड्यावर ऐकू येतं. आम्ही ते शंभरदा सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं.

गोळ्या उपाशी पोटी न देण्याचा तुमचा नियमही तितकाच कामाचा. तापात लंघन ही जुनी रीत. पण रिकाम्या पोटी क्लोरोक्विन किंवा प्रायमाक्विन घेतलं की मळमळतं, पोटात दुखतं, आणि 'औषध गरम पडलं' म्हणून ते बंद होतं. आता तुम्ही आधी मक्याची भाकर खायला लावता. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यायचा, हे आशाताईंच्या बरोबरीनं तुम्हालाही पाठ आहे.

दोरा कुणाला बांधायचा नाही, हेही तुम्ही विचारून घेतलंत. गरोदर बाई आणि वर्षाखालचं मूल, यांना प्रायमाक्विन नाही. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं. त्यांना या गोळीनं रक्तपेशी फुटून लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. तसं दिसलं की गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठायचा. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही बराच आहे. सांधे ठणकून ताप आला तर तो एकटा हिवताप समजू नका आणि एकटा सिकलसेलही नाही, दोन्ही तपासा.

फाल्सिपेरम या दुसऱ्या, जास्त घातक हिवतापाची रेघ आली की मात्र दाण्यांनाही थांबवायचं. त्याच्या गोळ्यांची पाकिटं वयाप्रमाणे रंगीत आहेत, तुम्ही ती वाचता न येताही ओळखता: वर्षाखाली गुलाबी, 1 ते 4 पिवळं, 5 ते 8 हिरवं, 9 ते 14 लाल, त्यावर पांढरं. या तापात रोगी एका दिवसात बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो. झटके आले की घरचे म्हणतात अंगात आलं, आणि तुम्हालाच बोलावणं येतं. झटके, शुद्ध हरपणं, पाणीसुद्धा न गिळणं, लघवी बंद किंवा काळी: यातलं एकही दिसलं की रात्र असो की पूर, रोग्याची झोळी उचलून दवाखाना गाठायचा. हे तुम्ही ठरवलंत आणि तुमच्या मुलांनी झोळीला खांदा दिला. याचे आभार कसे मानायचे, आम्हाला कळत नाही.

लहान मुलांच्या फुगलेल्या पोटावर डाम देणं तुम्ही बंद केलंत. डाव्या बरगडीखाली हाताला लागते ती पानथरी, म्हणजे प्लीहा. वारंवारच्या हिवतापानं ती वाढते. डागानं ती कमी होत नाही, वरून जखम पिकते. औषध पूर्ण झालं की हळूहळू उतरते.

एका गोष्टीवरून तुमचं-आमचं अजून जमलेलं नाही. फवारणीनंतर कुडाच्या भिंती शेणामातीनं सारवल्या की औषध खाली गाडलं जातं आणि भिंतीवर बसलेला डास जगतो. किमान अडीच महिने लिंपण नको. सणाला घर सारवायचंच असतं, हे आम्हालाही कळतं; म्हणून यंदा आधी लिंपण उरकून घ्या, मग आम्ही पंप घेऊन येतो. देवाचा कोपरा तुम्ही स्वतः झाका. धान्याच्या कोठ्या आणि पाण्याचे हंडेही झाकून ठेवायला सांगा. आणि मच्छरदाणीनं मासे धरणाऱ्या पोरांना तुम्हीच रागवा. तिच्यातलं औषध माशांना विष आहे. जाळी घरी वापरायची, साध्या साबणानं धुवायची, सावलीत वाळवायची.

होळीआधी मजूर परततील. पहिल्या आठवड्यात ज्याला ताप असेल त्याला आशाताईंकडे धाडा. महिन्याभरात हिवतापाचं औषध घेतलेला कुणी असेल तर मात्र किट लावू नका, काच घ्या. औषधानं जंतू मेले तरी फाल्सिपेरमची रेघ काही आठवडे उमटत राहते, आणि लोकांना वाटतं औषध फुकट गेलं.

किटचा नवा डबा ताईंनी तुमच्या ओट्यावर ठेवलाय. चुलीपासून आणि पत्र्यापासून लांब, खाली कोनाड्यात ठेवा. काळा दोरा संपत आला होता म्हणालात, त्याची दोन रिळं त्याच डब्यावर बांधली आहेत.

तुमचे,
अक्राणी (धडगाव) परिसरातले आरोग्य सेवक, आशा आणि प्रयोगशाळेतली माणसं