सदास पत्र

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

परवा तू विचारलंस, जन्मभर पोस्टात काढलंस, आता घरी बसून वाचतोस काय? फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. हेन्री फॉसेट नावाचा माणूस गेले पंधरा दिवस डोक्यातून जात नाही.

गडी इंग्लंडातल्या सॉल्झबरीचा. सप्टेंबर १८५८, वय पंचवीस. वडिलांबरोबर हार्नमच्या टेकडीवर शिकारीला गेला. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरू लागलेला. पाखरावर बार काढला आणि छर्रे पोराला लागले. त्याच्या डोळ्यांवर रंगीत काचांचा चष्मा होता. दोन्ही काचांना एकेक गोल भोक पडलं. दोन्ही डोळे जागच्या जागी गेले. सदा, मला त्या बापाचं फार वाईट वाटतं रे. मुलाने मात्र दहा मिनिटांत ठरवलं म्हणे, की आयुष्याचे बेत बदलायचे नाहीत.

आणि नाहीच बदलले. १८६३ मध्ये केंब्रिजला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १८६५ मध्ये ब्रायटनचा खासदार. बायको मिलिसेंट त्याला कागद वाचून दाखवी. बायकांच्या मताधिकाराची चळवळ पुढे तिनेच चालवली.

आता आपल्याशी नातं बघ. १८६७ साली तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. त्याच्यासाठी इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीत, नाचाचा जलसा झाला आणि खर्च घातला हिंदुस्थानच्या तिजोरीवर! आपल्या रयतेचा पैसा! फॉसेटला ते सहन झालं नाही, त्याने उघड विरोध केला. पुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करायला पार्लमेंटची समिती बसली, तीत हा होता. त्याच समितीपुढे १८७३ मध्ये दादाभाई नौरोजींची साक्ष झाली. ज्यांचं एक मतही त्याला मिळायचं नव्हतं, त्यांच्यासाठी तो भांडला. लोक त्याला 'हिंदुस्थानचा खासदार' म्हणू लागले.

१८८० मध्ये तो पोस्टमास्तर जनरल, म्हणजे तिथल्या टपाल खात्याचा प्रमुख झाला. इथे मी वाचता वाचता थांबलोच. त्याने एक सोय काढली: गरिबांनी पेनीची तिकिटं एका कागदावर चिकटवायची, बारा झाली की शिलिंग पुरा, तो कागद पोस्टात देऊन बचत खात्यात जमा करायचा. सदा, माझ्या काउंटरवर एक भाजीवाली मावशी यायची. पदराची गाठ सोडून नाणी मांडायची, आरडीचं पुस्तक छातीशी धरून परत जायची. फॉसेट वाचताना तीच समोर उभी राहिली.

१८८४ मध्ये तो गेला, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी.

दिवाळीला येशील तेव्हा माझी वही दाखवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळू