पिल्लांच्या जंताच्या औषधासाठी आवाहन: पैसे द्याच, पण रविवारीही या

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्या भागातल्या कुत्र्या वितात. यंदा गिरणीमागे सहा पिल्लं आहेत, मारुती चौकाच्या बोळात चार. स्टँडमागच्या उकिरड्यावर किती आहेत ते अजून मोजता आलेलं नाही, कारण आई अंगावर येते.

आपलं मंडळ लहान आहे, पण 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले तेव्हा ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून गच्च्यांवरची अकरा कुत्री काढणारी पोरं आपलीच होती, हे सांगलीत कुणी विसरलं नसेल. औषधाचा पहिला खोका दरवर्षी मार्केट यार्डातले आपले हळदीचे आडते काका पाठवतात. पावतीवर नाव घालू नका म्हणतात, म्हणून घालत नाही. कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्त बाई पेन्शन झाली की आधी आमच्या डब्यात टाकतात, मग किराणा भरतात. भाजीवाल्या मावशींचं ऋण तर निराळंच. औषध वजनावर द्यावं लागतं, आणि आपल्याकडे काटा नव्हता. मावशींनी मेथीची जुडी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ठेवा इथं." पिल्लू पारड्यात बसलं, भरलं आठशे ग्रॅम, आणि तिथंच मुतलं. मावशी हसल्या, पारडं धुतलं, पुढचं पिल्लू घेतलं.

आता जरा स्पष्ट लिहितो. गेल्या वर्षी पहिल्या रविवारी चाळीसजण आले, फोटो झाले. चौथ्या रविवारी आम्ही दोघं आणि मावशी. "एकदा पाजलं ना औषध, परत कशाला?" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की यंदा लिहूनच काढतो.

जंत गोड खाल्ल्यानं किंवा दुधानं होत नाहीत. ते बहुधा आईकडूनच येतात. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत झोपून असतात, नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. ती गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून पोटातल्या पिल्लांत उतरतात. काही नंतर दुधातून जातात. म्हणजे डोळे उघडायच्या आधीच पिल्लाच्या अंगात जंत असतात. अळ्या यकृतातून फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशात येतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात मोठ्या होतात. आपण पाजतो त्या औषधानं आतड्यातले मरतात, वाटेत असलेले वाचतात. दोन आठवड्यांनी तेही खाली पोचतात. म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला डोस, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. आईलाही त्याच दिवशी, कारण पिल्लं चाटताना ती जंत परत घेते.

अंकुशजंत त्याहून वाईट. दुधातून येतात, ओल्या मातीतून कातडीतूनही शिरतात आणि रक्त पितात. गेल्या वर्षी गिरणीमागचं तांबूस पिल्लू आठवतं? पोट डेऱ्यासारखं, कमरेची हाडं वर, शी डांबरासारखी काळी. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. कुणीतरी भल्या मनानं शाळेतली मुलांची जंताची गोळी कुटून दुधातून दिली होती. ती पिल्लांसाठी नाही. वजनाचा अंदाज चुकला तर हाडातल्या मज्जेवर बेतते. पिल्लू दुपारी गेलं. तो दुसऱ्या डोसाचा रविवार होता, आणि त्या बोळाची जबाबदारी घेतलेली माणसं आली नव्हती. कोण ते लिहीत नाही.

शेवयांसारखे जंत ओकताना पिल्लू दिसलं तर घाबरू नका, आम्हाला कळवा. शेपटीखाली तांदळाचे दाणे दिसले तर तो पट्टजंत, पिसवा गिळल्यानं होतो. त्याला औषध वेगळं लागतं. आणि ज्यांना कुत्र्यांचं काही वाटत नाही त्यांच्यासाठी: शीतली जंतांची अंडी मातीत दोन-चार आठवड्यांत पिकतात, वर्षानुवर्षं टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या पोरांच्या पोटात गेली तर अळ्या डोळ्यापर्यंत पोचू शकतात. पोरांचे हात धुवा, शी रोजची रोज उचला.

तपशील: येत्या रविवारपासून एक आड एक, असे चार रविवार, सकाळी 8, गिरणीसमोर. डॉक्टर पहिल्या दिवशी येऊन वजनावर पायरँटेलचं, म्हणजे आपल्या जंताच्या औषधाचं, प्रमाण लिहून देतील, पुढे आपण पाजायचं. एका पिल्लाचे चार डोस धरून 100 रुपये. रोख गिरणीत किंवा माझ्याकडे, पावती मिळेल. सुई नसलेल्या सिरिंजा, जुने टॉवेल, हातमोजे चालतील. दूध-बिस्किटं नकोत. दर बोळाला दोन माणसं हवीत, चारही रविवार येणारी. ज्यांना एकच जमेल त्यांनी चौथा घ्यावा, पहिल्याला गर्दी होतेच.

आपला,
चिटणीस