अर्धं वाक्य छापलंत, उरलेलं मी पाठवतोय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत देशभक्तीवरच्या लेखात "माझा देश, बरोबर असो की चूक" हे वाक्य कार्ल शुर्झ या अमेरिकन सिनेटरच्या नावावर छापलंय आणि तिथेच पूर्णविराम दिलाय. अहो, तो माणूस तिथे थांबलाच नव्हता! हा अर्धा भाग त्याचा स्वतःचा नाहीच, ती तिकडे आधीपासून चालत आलेली घोषणा. शुर्झने १८७२ च्या फेब्रुवारीत सिनेटमध्ये पुढे जोडलं ते असं, की बरोबर असेल तर बरोबरच ठेवायचा आणि चूक असेल तर सुधारायचा. म्हणजे अर्थ पार उलटाच झाला ना. आणि वाद कशावरून, तर फ्रान्स आणि प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) यांच्या युद्धाच्या वेळी अमेरिकन सरकारने फ्रान्सला बंदुका विकल्या त्याची चौकशी करा असं शुर्झ म्हणत होता म्हणून. हा जर्मन जन्माचा, मग काय, विरोधकांनी याची देशभक्ती काढली की झालं काम.

मला हा माणूस माहीत झाला तो मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो तेव्हा. ईस्ट रिव्हरच्या काठाला कार्ल शुर्झ पार्क आहे, त्यातच मेयरचा बंगला आहे, रोज सकाळी फिरायला जायचो. जावईबापूंना विचारलं हा शुर्झ कोण, तर म्हणाले असेल कोणी नगरसेवक. मग मीच वाचत बसलो आणि सुट्टी त्यातच गेली.

१८२९ चा जन्म, कोलोनजवळच्या लिब्लार गावचा. बॉनला शिकत होता तेव्हा जर्मनीत १८४८ ची क्रांती झाली (राजेशाहीविरुद्धचा उठाव), हा आणि याचे प्राध्यापक किंकेल दोघंही त्यात उतरले. पुढच्या वर्षी बंडखोरांच्या ताब्यातला राश्टाटचा किल्ला प्रशियाच्या सैन्याच्या हाती पडला, सापडला असता तर गोळीच होती, म्हणून पठ्ठ्या गटारातून निसटला आणि ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये गेला. इथवर ठीक आहे, पळून जाणारे पुष्कळ असतात. पण किंकेलना जन्मठेप झालेली, म्हणून हा खोट्या पासपोर्टवर परत जर्मनीत आला, स्पांडाऊच्या तुरुंगातला एक पहारेकरी फोडला आणि १८५० च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री मास्तरांना दोरीने वरून खाली उतरवून घेऊन रोस्टॉक बंदरातून जहाजाने पळाला. वय वर्षं एकवीस! आपली पोरं त्या वयात बाइकसाठी रुसून बसतात.

१८५२ मध्ये बायकोबरोबर अमेरिकेत. बायको मार्गारेटसुद्धा काही कमी नाही हं, विस्कॉन्सिनमध्ये वॉटरटाउनला १८५६ साली अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन तिने काढलं, तेही जर्मन भाषेतलं. हा लिंकनचा प्रचारक, मग स्पेनला राजदूत, मग ते सोडून अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकनच्या बाजूने जनरल, गेटिसबर्गला लढला. १८६९ ला मिसुरीहून सिनेटर, जर्मनीत जन्मलेला पहिलाच.

पण देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये दक्षिणेत फिरून यानेच रिपोर्ट दिला होता की गुलामगिरी कागदावर गेली तरी काळ्या लोकांचे हाल संपलेले नाहीत, त्यांना मताचा हक्क द्या. प्रेसिडेंट जॉन्सनला तो रिपोर्ट अजिबात नको होता. आणि हाच माणूस सिनेटर झाल्यावर दक्षिणेतल्या बंडखोर गोऱ्यांना माफी द्या म्हणायला लागला, कू क्लक्स क्लान (काळ्या लोकांवर हल्ले करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना) विरुद्धच्या कायद्यालाही विरोध केला. मला हे काही केल्या पटलं नाही, आजही पटत नाही. पुढे १८७७ ते ८१ गृहखातं त्याच्याकडे होतं (तिकडचं गृहखातं म्हणजे पोलिस नव्हे, जमिनी, जंगलं आणि मूळ रहिवासी लोकांचं खातं), तेव्हा जंगलं वाचवा म्हणून ओरडला, नोकऱ्या वशिल्याने नको, परीक्षा घेऊन द्या म्हणाला, पण मूळ रहिवाशांपैकी पोंका जमातीला त्यांच्या जमिनीवरून हलवलं त्या प्रकरणात त्याच्यावर भरपूर टीका झाली, आणि ती काही उगाच नव्हती.

सत्तरी आली तरी स्वभाव गेला नाही. अमेरिकेने फिलिपिन्स घेतलं तेव्हा हा भर सभांमधून सांगत होता की आपण चूक करतोय. त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग, नाही का?

तेव्हा पुढच्या रविवारी ते वाक्य पूर्ण छापा ही विनंती. जागेची अडचण असेल तर माझं पत्र हवं तेवढं कापा, ते वाक्य तेवढं परत कापू नका.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली